एक सेंट ते पन्नास सेंट : त्रिनिदादची चिल्लर जमवायची कशी

माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. त्याचं जहाज एकदा त्रिनिदादच्या पॉइंट लिसास बंदरात अमोनिया भरायला थांबलं होतं. घरी येताना त्याने माझ्यासाठी कॉफीच्या रिकाम्या बाटलीत तिथली चाळीसेक नाणी आणली. सगळी मिळून किंमत आपल्या पन्नास रुपयांच्या आतबाहेर असेल. पण त्या बाटलीने मला जे शिकवलं, ते त्याआधीच्या चार वर्षांत ‘शंभर देशांची शंभर नाणी’ जमवताना शिकता आलं नव्हतं. शंभर देशांची नाणी माझ्याकडे होती, पण त्यातलं एकही नाणं मी धड वाचलेलं नव्हतं.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी एकच सल्ला देतो. एक लहान देश निवडा आणि त्याची फक्त चिल्लर जमवा. चांदीची मोठी नाणी नकोत, मखमली डबीतले संच नकोत. भाजीवाली, बसचा कंडक्टर, शाळेतली पोरं यांच्या हातून फिरलेली नाणी जमवा. त्रिनिदाद आणि टोबॅगो हा देश त्यासाठी अगदी योग्य आहे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला जवळजवळ चिकटलेली ही दोन बेटं. क्षेत्रफळ सुमारे ५,१३० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दीडपटीहून थोडं कमीच, आणि लोकसंख्या साधारण गोव्याएवढी. नाण्यांचा इतिहास १९६६ पासूनचा, त्यामुळे एका माणसाला सवडीने पुरा करता येईल इतकाच. कुठलंच साधं नाणं खिशाला जड जाणारं नाही. आणि चित्रं अशी, की प्रत्येकामागे एक गोष्ट आहे.

पहिली पायरी : चिल्लर टेबलावर ओता आणि आकाराने लावा

नाणी पाच प्रकारची आहेत : १, ५, १०, २५ आणि ५० सेंट. शंभर सेंटांचा एक त्रिनिदाद-टोबॅगो डॉलर होतो, आणि तो आपल्या साधारण बारा-तेरा रुपयांचा. म्हणजे एक सेंट जेमतेम बारा पैशांचा.

नवखा माणूस इथेच पहिल्यांदा फसतो. नाणं जितकं मोठं तितकी किंमत जास्त, असा हिशेब इथे लागत नाही. तांबूस ५ सेंटचा व्यास २१ मिलिमीटरच्या थोडा वर आहे. पांढरं २५ सेंट त्याच्याहून लहान, २० मिलिमीटरचं. आणि १० सेंट तर सगळ्यांत चिमुकलं, १६ मिलिमीटरच्या जरासं वर, वजन दीड ग्रॅमही नाही. १ सेंट तांबूसच, पण १८ मिलिमीटरच्या आत. ५० सेंट मात्र भरदार आहे : २६ मिलिमीटर, ७ ग्रॅम. म्हणून आधी रंगाने दोन ढीग करा. तांबूस ढिगात १ आणि ५, पांढऱ्या ढिगात १०, २५ आणि ५०. त्यानंतर आकडा वाचा.

या कामाला तीन वस्तू लागतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं चालतं), सोनं मोजायला वापरतात तसला छोटा डिजिटल काटा आणि एक साधं लोहचुंबक. व्हर्निअर कॅलिपर असेल तर उत्तम, नसेल तर पट्टीवर भागतं.

दुसरी पायरी : देशाचं नाव अक्षर न् अक्षर वाचा

चित्राकडे लगेच धावू नका. आधी अक्षरं वाचा, कारण या देशाच्या नाण्यांचा काळ अक्षरांवरून ठरतो.

देश स्वतंत्र झाला ३१ ऑगस्ट १९६२ रोजी. मध्यवर्ती बँक स्थापन झाली डिसेंबर १९६४ मध्ये, आणि त्याच महिन्यात नोटाही आल्या. स्वतःची नाणी यायला मात्र १९६६ उजाडलं. पहिल्या नाण्यांवर एका बाजूला देशाचं राजचिन्ह आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या आकड्यात किंमत, इतकंच. पक्षी नाही, फूल नाही. नाव नुसतं ‘ट्रिनिडॅड अँड टोबॅगो’. नव्या घराच्या दारावर नुसतं नाव लिहावं, तशी ही नाणी मला वाटतात.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात मागच्या बाजूला पक्षी आणि फुलं आली. मग १ ऑगस्ट १९७६ रोजी देश प्रजासत्ताक झाला, आणि नाण्यावरच्या नावाआधी ‘रिपब्लिक ऑफ’ हे दोन शब्द आले. म्हणून १९७६ साल असलेलं नाणं हाती आलं तर घाई न करता कडेने फिरवत पूर्ण ओळ वाचा. ‘रिपब्लिक’ आहे की नाही, यावर ते नाणं वहीत कुठल्या पानावर जाणार हे ठरतं.

१९७२ सालच्या काही नाण्यांवर स्वातंत्र्याच्या दहाव्या वर्धापनदिनाचा मजकूर आहे. त्याच प्रकारचं साधं नाणं समजून ते इतर नाण्यांत मिसळलं जातं. तेही वेगळं ठेवा.

मराठी क्रिकेटवेड्यांसाठी इथे थोडं थांबतो. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते पोर्ट ऑफ स्पेनलाच. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी तिथे ११२ धावा केल्या आणि सुनील गावसकरांची ती पहिली कसोटी. पुढे त्याच मैदानावर मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत त्यांनी १२४ आणि २२० धावा काढल्या. तेव्हा त्या शहरात रोजच्या व्यवहाराला फिरत होती ती ही आकड्यांची, राजचिन्हाची नाणी. एप्रिल १९७६ मध्ये भारताने तिथेच ४०३ धावांचं लक्ष्य गाठलं, त्यानंतर चारच महिन्यांनी देश प्रजासत्ताक झाला. माझ्या संग्रहात १९७१ सालचं झिजलेलं १ सेंट आहे. बाजारात त्याला फारशी किंमत नाही. पण अल्बम उघडला की माझ्या वडिलांचं बोट आधी त्याच्यावर जातं.

तिसरी पायरी : चित्रांची ओळख करून घ्या

माझ्या मते या संग्रहाचा खरा आनंद इथे आहे, म्हणून इथे वेळ काढा.

१ सेंटवर हमिंगबर्ड आहे. आपल्याकडे बागेत जास्वंदीवर येणाऱ्या शिंजीराला बरेच जण हमिंगबर्ड म्हणतात, पण तो वेगळा पक्षी. खरा हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आणि त्यांच्या आसपासच्या बेटांवर सापडतो. त्रिनिदादमध्ये त्याच्या डझनाहून जास्त जाती आहेत, आणि राजचिन्हाच्या ढालीवरही दोन हमिंगबर्ड आहेत. म्हणजे १ सेंटच्या नाण्यावर हा पक्षी दोन्ही बाजूंना आहे. भिंग लावून शोधा, सापडतो.

५ सेंटवर लांब पिसाऱ्याचा बर्ड ऑफ पॅरडाइज आहे. नावामुळे गोंधळू नका. आपला स्वर्गीय नर्तक हा नव्हे, आणि बागेतलं केशरी फुलांचं झाडही नव्हे. हा पक्षी मुळात न्यू गिनीकडचा. मग त्रिनिदादच्या नाण्यावर कसा आला? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात बायकांच्या टोप्यांसाठी त्याच्या पिसांना इतकी मागणी होती, की तो संपून जाईल अशी भीती होती. १९०९ च्या सुमारास सर विल्यम इनग्राम या इंग्रज गृहस्थाने टोबॅगोजवळच्या लिटल टोबॅगो या चिमुकल्या बेटावर काही पक्षी आणून सोडले. निम्मं जग ओलांडून आलेले ते पक्षी तिथे काही दशकं जगले. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्लोरा चक्रीवादळाने टोबॅगोला झोडपलं, आणि त्यानंतर ते हळूहळू नाहीसे झाले. आज त्या बेटावर हा पक्षी नाही. ५ सेंटच्या नाण्यावर आणि १०० डॉलरच्या नोटेवर मात्र तो आहे. देशाच्या सर्वांत मोठ्या नोटेवरचा पक्षी पाच सेंटवरही असावा, हे मला फार आवडतं.

१० सेंटवर जास्वंद. हिच्याविषयी मराठी माणसाला सांगायला नको.

२५ सेंटवर चाकोनिया. हे तिथलं राष्ट्रीय फूल, लालभडक लांब तुऱ्याचं. ते ऑगस्टअखेर, नेमकं स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास फुललेलं असतं. नाव पडलं ते होसे मारिया चाकोन या शेवटच्या स्पॅनिश गव्हर्नरवरून. त्याने १७९७ मध्ये हे बेट ब्रिटिशांच्या हवाली केलं. हरलेल्या गव्हर्नरचं नाव फुलात उरलं.

५० सेंटवर स्टीलपॅन, म्हणजे तेलाच्या रिकाम्या पिंपांपासून घडवलेलं वाद्य. इंग्रज सरकारने चामड्याच्या ढोलांवर निर्बंध घातले, तेव्हा गरीब वस्त्यांतले लोक बांबूंवर ताल धरू लागले. पुढे डबे आले, आणि १९३० ते १९४० च्या दशकांत पिंपांचे तळ ठोकून ठोकून त्यांतून सूर काढले गेले. हे नाणं तिथे रोजच्या व्यवहारात क्वचितच दिसतं. मामेभावाच्या बाटलीत एकही नव्हतं. माझं पहिलं ५० सेंट मी विकत घेतलं.

दर्शनी बाजूचं राजचिन्हही नीट पाहा. ढालीला दोन बाजूंनी धरणारे दोन पक्षी आहेत. एक स्कार्लेट आयबिस, म्हणजे आपल्या कुदळ्याचा लाल भाऊबंद, तो त्रिनिदादचा. दुसरा कोक्रिको, तो टोबॅगोचा. ढालीत कोलंबसाची तीन गलबतं, आणि खाली पट्टीवर ‘एकत्र आकांक्षा धरू, एकत्र साध्य करू’ अशा अर्थाचं ब्रीद. झिजलेल्या नाण्यात सर्वांत आधी पुसट होतात ती गलबतं आणि पट्टीवरची अक्षरं. पुढे दर्जा ठरवताना याचा उपयोग होतो.

चौथी पायरी : लोहचुंबक लावा

जुनं १ आणि ५ सेंट कांस्याचं आहे. १०, २५ आणि ५० सेंट तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूचं. यांतलं एकही लोहचुंबकाला चिकटत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांतली काही नाणी मात्र पोलादी गाभ्यावर तांब्याचा किंवा निकेलचा मुलामा देऊन काढलेली आहेत. ती टपकन चिकटतात. चित्र तेच, किंमत तीच, तरी संग्राहकाच्या दृष्टीने नाणं वेगळं. म्हणून २०१० नंतरचं प्रत्येक नाणं चुंबकाजवळ नेऊन बघा आणि वहीत ‘चिकटतं’ किंवा ‘चिकटत नाही’ असं लिहा. चुंबक नाण्यावर घासायचं नाही, नुसतं जवळ धरायचं.

पाचवी पायरी : सालांची यादी करा, आणि १ सेंटपासून सुरुवात करा

एका कागदावर पाच रकाने आखा, एकेका किंमतीला एक. खाली सालं लिहीत जा. प्रत्येक साली प्रत्येक नाणं निघालेलं नाही, त्यामुळे यादीत फटी राहणारच. कुठल्या साली काय निघालं हे पाहायला ‘न्युमिस्टा’ हे संकेतस्थळ फुकट आहे आणि नवख्याला पुरेसं आहे. विक्रेते ‘के. एम. क्रमांक’ म्हणतात, तो क्राउस आणि मिशलर या दोघांच्या कॅटलॉगमधला अनुक्रमांक. एकाच चित्राचं पण वेगळ्या मजकुराचं नाणं असेल तर तो वेगळा असतो. मागवताना नुसतं ‘त्रिनिदाद १ सेंट’ म्हणू नका. साल आणि के. एम. क्रमांक दोन्ही सांगा, नाहीतर घरात एकाच नाण्याच्या आठ प्रती जमतात.

१ सेंटपासून सुरुवात करायला सांगतो त्याला कारण आहे. जुलै २०१८ पासून तिथल्या मध्यवर्ती बँकेने १ सेंटची नाणी देणं बंद केलं. रोखीचा हिशेब जवळच्या ५ सेंटला पूर्ण करायचा, चेक आणि कार्डाचे व्यवहार मात्र सेंटापर्यंत तसेच, अशी पद्धत आली. म्हणजे या नाण्याची गोष्ट पूर्ण झाली आहे : १९६६ ला सुरू, आणि आता बंद. नवख्याने पहिला संच असा घ्यावा, ज्याचा शेवट ठाऊक आहे. त्यातून पुरं केल्याचा जो आनंद मिळतो, तो पुढच्या दहा वर्षांना पुरतो. शिवाय घराघरांतल्या बरण्यांत पडलेली ही नाणी आज सहज निघतात. वीस वर्षांनी निघतील का, ते बरण्यांवर अवलंबून आहे.

सहावी पायरी : मिळवायची कुठून

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे माणूस. मर्चंट नेव्हीत कुणी असेल, तेल-वायूच्या कंपनीत कामाला गेलेलं कुणी असेल, वेस्ट इंडिजचा क्रिकेट दौरा पाहायला जाणारा मित्र असेल, त्याला आधीच सांगून ठेवा : ‘भेटवस्तू नको, परतीच्या वेळी खिशात उरलेली मोड तेवढी दे.’ विमानतळावरची पैसे बदलून देणारी काउंटरं नाणी घेत नाहीत, त्यामुळे त्यालाही त्यांचं ओझंच असतं.

दुसरा मार्ग आपल्या शहरातला. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात परदेशी नाण्यांचे ढीग किंवा डबे असतात, ‘कुठलंही उचला’ अशा एकाच भावाचे. त्यांत वेस्ट इंडिजची नाणी असतात, पण ओळखणारे कमी. पुण्यात दरवर्षी ‘कॉइनेक्स’ हे प्रदर्शन भरतं. तिथे परदेशी नाण्यांचेही विक्रेते येतात, आणि विकत काही घेतलं नाही तरी दोन तास उभं राहून ऐकण्यासारखं बरंच असतं. साधं वापरलेलं १ किंवा ५ सेंटचं नाणं वडापावपेक्षा महाग सांगितलं तर हसून पुढे जावं.

तिसरा मार्ग ऑनलाइन विक्री आणि अदलाबदल. अदलाबदल मला जास्त आवडते. त्रिनिदादमधल्या संग्राहकांना भारतीय नाण्यांचं अप्रूप असतं, कारण तिथल्या लोकसंख्येतला मोठा हिस्सा भारतीय वंशाचा आहे. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ या जहाजातून कलकत्त्याहून गेलेले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, तिथे उतरले, तेव्हापासूनचा हा संबंध. ती माणसं मुख्यतः भोजपुरी पट्ट्यातली, मराठी नव्हेत. पण आपलं जुनं एक पैशाचं किंवा कमळाचं वीस पैशाचं नाणं तिथे कुणाच्या तरी घरी आनंदाने ठेवलं जातं. पाठवण्यापूर्वी टपाल खात्याच्या काउंटरवर नाणी पाठवण्याचे नियम विचारा, आणि साध्या पाकिटात नाणी टाकू नका. पाकीट छाटणीच्या यंत्रात फाटतं.

कायद्याची भीती अनेकांच्या मनात असते, म्हणून सांगतो. परकीय चलनाच्या नियमांनुसार भारतात राहणाऱ्या कुणालाही परदेशी नाणी कितीही बाळगता येतात, मर्यादा आहे ती नोटांना. आणि पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांना लागतो. १९६६ नंतरच्या चिल्लरीशी त्याचा संबंध नाही.

सातवी पायरी : चकचकीत संच बघून भाळू नका

शोधायला लागलात की निळ्या-काळ्या डबीतले आरशासारखे चमकणारे संच दिसतील. त्यांतल्या नाण्यांवर बारीक ‘एफ एम’ अक्षरं असतात. ती अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फ्रँकलिन मिंट या खासगी टांकसाळीची खूण. १९७० च्या दशकात या टांकसाळीने कॅरिबियनमधल्या बऱ्याच देशांचे असे संच खास संग्राहकांसाठी काढले. नाणी अधिकृत आहेत, सुंदर आहेत, फसवणूक काही नाही. पण ती त्रिनिदादच्या बाजारात कधी फिरलीच नाहीत. ज्याला चिल्लर जमवायची आहे, त्याने आपले पहिले पैसे त्यांत घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. आणि कुणी डबी फोडून त्यातलं सुटं नाणं ‘दुर्मीळ, कधीच न वापरलेलं’ म्हणून विकत असेल, तर भिंगाने आधी ती दोन अक्षरं शोधा.

दुसरा गोंधळ शेजाऱ्यांचा. १९५५ पासून १९६५ पर्यंत ‘ब्रिटिश कॅरिबियन टेरिटरीज, ईस्टर्न ग्रुप’ असं लिहिलेली, राणी एलिझाबेथच्या चेहऱ्याची नाणी त्रिनिदादसह अनेक बेटांवर चालत. ५, १० आणि २५ सेंटवर ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज. त्यांत अर्ध्या सेंटचंही नाणं होतं. ही नाणी त्रिनिदादच्या संग्रहाची पूर्वपीठिका म्हणून ठेवायला हरकत नाही, मी ठेवली आहेत. पण अल्बममध्ये त्यांना आधीचं वेगळं पान द्या. तसंच जहाज पूर्व कॅरिबियन राज्यांच्या पुढच्या नाण्यांवरही आहे, आणि त्या गटात त्रिनिदाद नाही.

आठवी पायरी : दर्जा स्वतः ठरवायला शिका

विक्रेत्यांच्या तोंडी ‘एफ’, ‘व्हीएफ’, ‘एक्सएफ’, ‘यूएनसी’ अशी अक्षरं असतात. झिजेपासून नव्या कोऱ्यापर्यंत चढत जाणारी ही शिडी. ती पाठ करण्यापेक्षा एकाच किंमतीची दहा नाणी घ्या आणि सर्वांत झिजलेल्यापासून सर्वांत ताज्यापर्यंत ओळीत लावा. राजचिन्हातली गलबतं तिन्ही वेगळी दिसतात का? पट्टीवरचं ब्रीद वाचता येतं का? हमिंगबर्डच्या पंखांच्या रेषा मोकळ्या आहेत का? दोन संध्याकाळी असं केलंत की डोळा तयार होतो. मग विक्रेत्याने पाकिटावर काय लिहिलंय, याला फार महत्त्व उरत नाही.

नववी पायरी : धुऊ नका

ही पायरी खरं तर काही न करण्याची आहे, पण सर्वांत जास्त नाणी इथेच वाया जातात. बाटलीतलं १९६७ चं ५ सेंट मला सापडलं, काळपट तपकिरी, छान एकसारख्या रंगाचं. मी ते चिंचेच्या कोळात टाकलं आणि भांडी घासायच्या पावडरीने चोळलं. दिवाळीतल्या समईसारखं लखलखलं. आठवड्याभरात त्यावर गुलाबी-तपकिरी डाग पडले, आणि भिंगाखाली बघितलं तर सगळीकडे बारीक ओरखडे. तो काळपट रंग साठ वर्षांत धातूवर आपोआप चढलेलं कवच होतं. ते एकदा गेलं की परत येत नाही. ते नाणं मी अजून ठेवलंय, नव्याने संग्रह करणाऱ्या मुलांना दाखवायला.

माती लागली असेल तर कोमट शुद्ध पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात, अर्धा तास बुडवून ठेवा. घासू नका, मऊ सुती कापडावर ठेवून टिपून घ्या. हिरवा चिकट थर असेल तर तो बहुधा जुन्या प्लास्टिकच्या पाकिटाचा. त्याला शुद्ध अ‍ॅसिटोन चालतं, खिडक्या उघड्या ठेवून, आगीपासून दूर. नेलपॉलिश काढायचं द्रावण वापरू नका, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. आणि नाणं नेहमी कडेने धरा. बोटाचा घाम कांस्याला लगेच लागतो.

दहावी पायरी : पावसाळ्यासाठी आत्ताच तयारी

मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. बाजारात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या अल्बममध्ये पीव्हीसी असतं. दमट हवेत ते नाण्यावर हिरवा थर सोडतं. त्याऐवजी पुठ्ठ्याचे दोन इंची चौकोनी होल्डर घ्या, खिडकीला मायलारची पारदर्शक पट्टी असलेले. नाणं मध्ये ठेवून कडेने स्टेपल मारायचं, आणि पिना पक्कडीने दाबून सपाट करायच्या, नाहीतर त्या शेजारच्या नाण्याला ओरबाडतात. १० सेंट इतकं लहान आहे, की खिडकीचा आकार मोजून घ्या, नाहीतर नाणं आत घरंगळत राहतं.

होल्डर डब्यात उभे लावा, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत महिन्यातून एकदा पुड्या बदला. डबा लाकडी कपाटात नको, लाकडातून निघणारी आम्लं नाण्याला बाधतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटातही नको, पावसाळ्यात तिथे ओल धरते.

अकरावी पायरी : होल्डरवर लिहा

नाणं आत जाण्यापूर्वीच पुठ्ठ्यावर लिहा, नंतर पेनाचा दाब नाण्यावर पडतो. किंमत, साल, के. एम. क्रमांक, चिकटतं की नाही, दर्जा. आणि मागे एक ओळ : कुणी दिलं, कुठे, केव्हा. माझ्या पहिल्या १ सेंटच्या मागे ‘दादा, पॉइंट लिसास, कॉफीच्या बाटलीतून’ एवढंच आहे. कॅटलॉगमधली माहिती कधीही परत मिळते. ही ओळ तुम्ही लिहिली नाहीत तर कुणालाच मिळणार नाही.

अल्बममध्ये एक कप्पा रिकामा ठेवा

२०२४ मध्ये तिथल्या सरकारने ठरवलं, की राजचिन्हातली कोलंबसाची तीन गलबतं काढून तिथे स्टीलपॅन घ्यायचं. २०२५ च्या सुरुवातीला संसदेने ते मंजूर केलं. १९६६ पासून प्रत्येक नाण्याच्या दर्शनी बाजूवर असलेली गलबतं आता जाणार, आणि ५० सेंटच्या मागच्या बाजूला असलेलं वाद्य पुढच्या बाजूच्या ढालीत येणार. तेव्हा ५ सेंटच्या पानावर शेवटचा कप्पा मोकळा ठेवा, आणि त्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा : ‘पॅनवालं’. मामेभावाला मी तसं सांगून ठेवलं आहे. त्याचं जहाज पुन्हा त्या बाजूला कधी जाईल, याची वाट बघतोय.